शहाऐंशीचा दोर

गांगोवाडीत इतिहास म्हणजे शहाऐंशी साल. त्याआधी महाराजांनी मालवणच्या समुद्रात किल्ला बांधला आणि त्यानंतर मोबाइल आला, बाकी जे काही जगात घडलं असेल ते इतरांच्या वाडीत घडलं असेल. शहाऐंशी मात्र इथल्या पोरांना बाळकडूबरोबर पाजलं जातं.

गोष्ट अशी. त्या साली बाहेरचा एक मोठा ट्रॉलर किनाऱ्याच्या अगदी उशाशी येऊन मासळी ओरबाडत होता. तेव्हा वाडीच्या सात होड्या त्याच्यावर चालून गेल्या. पहिल्या होडीचा तांडेल हरिश्चंद्र. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, समुद्रात त्याच्या शब्दापुढे शब्द नाही. त्याच्या होडीतून दत्ताराम कमरेला दोर बांधून ट्रॉलरवर चढला आणि वर गेल्यावर कमरेचं टोक सोडून त्याने ते ट्रॉलरच्या खुंटाला बांधलं, दुसरं टोक होडीतच होतं. ऐन वेळी दोर तुटला. दत्ताराम ट्रॉलरवर एकटा राहिला तो गेलाच. पण ट्रॉलरवाल्यांनी असा धसका घेतला की पुढची बारा वर्षं या किनाऱ्याकडे कुणी फिरकलं नाही.

ही गोष्ट सांगायचा मान हरिश्चंद्राचा. आता तो सत्तरीचा होता, गुडघे गेले होते, पण गोष्ट सांगताना आवाज बत्तीस वर्षांचा व्हायचा. ऐकणाऱ्यांत दत्तारामाची बायको राधाबाई नेहमी असायची. ती खाली मान घालून बसायची आणि लोक म्हणायचे, बघा, अजून डोळे भरतात बिचारीचे.

राधाबाईचे डोळे भरत नव्हते. ती दात आवळून बसलेली असायची.

चौदा वर्षांपूर्वी भिकाजी मरायला टेकला होता. शहाऐंशीत तो हरिश्चंद्राच्या होडीत होता. त्याने राधाबाईला बोलावून घेतलं, बाकीच्यांना बाहेर काढलं आणि खोकत खोकत सांगितलं, ‘‘दोर तुटूक नाय गो. हरिश्चंद्रान कापल्यान. कोयत्यान. माझ्या डोळ्यासमोर.’’ भिकाजी पुढेही बरंच बोलला, पण राधाबाईचे कान तिथेच बंद झाले. बाकीचं तिने ऐकलं न ऐकलंसं केलं. दुसऱ्या दिवशी भिकाजी गेला. होडीतले बाकीचे चौघं त्याआधीच गेलेले, साक्षीला राहिला तो एकटा हरिश्चंद्र.

सांगायचं कुणाला? वाडीच्या देवाच्या खालोखाल हरिश्चंद्र. तिचा स्वतःचा झील मंगेश त्याला बापाच्या जागी मानायचा. बाप मेला तेव्हा मंगेश पोटात होता, त्याने बाप पाहिला तो हरिश्चंद्राच्या गोष्टीतूनच. आणि दर नारळी पौर्णिमेला हा हरिश्चंद्र तिच्या दारात मानाचा नारळ घेऊन उभा राहायचा, ‘‘राधा, दत्ताची आठवण’’ म्हणायचा. चौदा नारळ तिने गोड तोंडाने घेतले आणि चौदाही मागच्या परसात फोडून कुत्र्यांना घातले. आपण ओरडलो तर लोक म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणतील हे तिला कळत होतं. म्हणून तिला एकच गोष्ट हवी होती. त्याने ते स्वतःच्या तोंडाने बोलायला हवं, वाडीच्या देवासमोर, गांगोसमोर, सगळ्या वाडीत. मग तो मेला तरी चालेल. जगला तर अधिक बरं.

तो दिवस आला तो यतीनच्या पायांमुळे.

हल्ली ट्रॉलरचं नाव कुणी काढत नाही. हल्ली लाइटवाले येतात. पाण्यावर दिव्यांचा लखलखाट करून मासळी गोळा करायची आणि एका घेऱ्यात सगळी उचलून न्यायची. बुधवारी अशीच एक बाहेरची बोट मंगेशची जाळी तुडवत आत आली. यतीन, बावीस वर्षांचा तापट पोरगा, आपली होडी घेऊन शिव्या द्यायला गेला. त्यांनी बोट वळवली आणि सरळ त्याच्या होडीवर घातली. यतीन ओरोसच्या इस्पितळात होता, दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये, आणि डाव्या पायाचं काही सांगता येत नाही म्हणत होते.

रविवारी सकाळी दहाला गांगोच्या देवळात सगळी वाडी जमली. पुरुष मांडवात, बायका कडेच्या पायऱ्यांवर. राधाबाई टोपली बाजूला ठेवून खांबाला टेकून बसली होती. मासळीचा बाजार बुडाला होता, पण आज बाजाराची कुणाला शुद्ध नव्हती. संध्याकाळी लाइटवाले येण्याच्या वेळेला सगळ्यांनी मिळून त्यांच्यावर चालून जायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

ठरवायचं म्हणजे काय, ठरलेलंच होतं. फक्त कारण कुठल्या सालातून आणायचं हा वाद होता. एक जण म्हणाला, आंग्र्यांनी काय केला असता? जणू आंगरे त्याच्या शेजारी राहत होते. एसटीतून निवृत्त झालेले दाजी एकाहत्तरच्या लढाईवर घसरले, कारण त्यांचा मेव्हणा तेव्हा नौदलात स्वयंपाकी होता. तिसऱ्याने पलीकडच्या वाडीचं उदाहरण काढलं. त्यांनी नव्वद साली बाहेरच्यांशी समझोता केला आणि आज त्यांच्यात चार होड्या उरल्या नाहीत, तर समझोत्याचं नाव काढू नका. ज्याला जे करायचं असतं त्याला तसंच साल सापडतं. शेवटी सगळे फिरून शहाऐंशीवर आले.

‘‘तांडेलानू, तुमीच सांगा,’’ मंगेश म्हणाला. ‘‘तुमी ता बघलात. आजचा आणि तेव्हाचा सारख्याच ना?’’

हरिश्चंद्राने देवाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. कौतुकाची सवय झालेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. ‘‘सारख्याच,’’ तो म्हणाला. ‘‘तेव्हा ट्रॉलर, आता लाइट. माणसां तीच, माज तोच. तेव्हा आमी गेलंव म्हणान बारा वर्षां सुखाचो घास खाल्लास.’’

मांडव दणाणला.

तेवढ्यात पायऱ्यांवरून आवाज आला. ‘‘मगे ता गाऱ्हाण्यात घाला.’’

सगळ्यांनी वळून पाहिलं. देवळात बायका बोलत नाहीत, पण राधाबाई म्हणजे दत्तारामाची बायको. तिला कोण गप्प करणार?

‘‘देवाक सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘जसा शहाऐंशीत, तसाच आज. नुसता तोंडान बोलान काय उपेग? गाऱ्हाण्यात घाला.’’

बाहेरच्या माणसाला याचा अर्थ कळायचा नाही. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे आपलं म्हणणं मांडणं. एकाने मोठ्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एकदा ‘व्हय म्हाराजा’ झालं की तो शब्द माघारी येत नाही. गांगोवाडीत कुणी सरकारी कागदावर खोटी सही करील, पण गाऱ्हाण्यातला शब्द मोडणार नाही. एकाने दारू सोडतो म्हणून गाऱ्हाण्यात घातलं आणि पंधरवड्यात सावंतवाडीला जाऊन प्यायला, तर परत येताना मालवणच्या रस्त्याला नसलेल्या वळणावर पडला आणि दात गमावून आला. लोक अजून त्याच्या दातांचा दाखला देतात.

हरिश्चंद्राला आनंदच झाला. काठी टेकत तो उठला, देवासमोर नारळ ठेवला आणि हात जोडले.

‘‘बा देवा गांगो म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘तुझ्या वाडयेवर आज संकट इला हा. बाहेरच्यांनी तुझ्या लेकरांच्या तोंडातलो घास काढल्यानी, यतीनाचे पाय मोडल्यानी.’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘जसा शहाऐंशीत आमी केला, तसाच आज करूक निघालंव. तेव्हा जसा यश दिलंस, तसाच आजय दी, आणि सगळ्यांची राखण कर रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

राधाबाईने पदर खोचला आणि पायऱ्या चढून ती मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली.

‘‘देवाक सांगलात, तसाच,’’ ती म्हणाली. ‘‘तर आता सगळा तसाच करूचा. अर्धा तसा नि अर्धा असा देवाक चलाचा नाय. तेव्हा पयली होडी तांडेलाच्या घरची होती. आजय पयली होडी त्यांच्याच घरची.’’

‘‘आसाच ना,’’ हरिश्चंद्र म्हणाला. ‘‘माझो नातू घेवन जातलो.’’

‘‘तेव्हा तिच्यातसून एक माणूस दोर बांधून चढलो. लगीन होवन वर्ष झालेलो. बायल गुरवार, पोटात ह्यो मंगेश.’’ राधाबाई थांबली. ‘‘जितेंद्राच्या लग्नाक वर्ष झाला. त्याच्या बायलेक, रियाक, सातवो महिनो. भावजी, आज तुमच्या घरातसून कोण चढतलो?’’

जितेंद्र, हरिश्चंद्राचा एकुलता नातू, सव्वीस वर्षांचा, गोरामोरा होऊन उभा राहायला लागला. पोरगा भित्रा नव्हता. पण म्हाताऱ्याने त्याचं मनगट असं धरलं की बोटं पांढरी झाली. नाही म्हणावं तर आत्ताच देवाला शब्द दिलेला. हो म्हणावं तर तो दोर त्याच्याइतका कुणाला ठाऊक होता?

राधाबाईने ते डोळे भरून पाहिलं. जितेंद्रशी तिचं काही वैर नव्हतं, पोरगा चांगला होता. पण त्या घडीला तिला त्याची दया आली नाही. शहाऐंशीत तिची तरी कुणाला आली होती? आता या म्हाताऱ्याला एकच वाट होती. नातवाला वाचवायचं तर दोराचं खरं सांगावं लागेल. बोल, ती मनात म्हणत होती, बोल एकदा.

आणि तेवढ्यात मंगेश उठला.

‘‘जितू कित्याक?’’ तो म्हणाला. ‘‘बापाची जागा झिलाची. माझो बाबा चढलो, आज मी चढतलंय.’’

करायला गेले काय अन् वरती झाले पाय. पोरं टाळ्या वाजवायला लागली, कुणीतरी दत्तारामाच्या नावाने जयजयकार केला. मंगेशची बायको सारिका पायऱ्यांवर तोंडात पदर धरून बसली. राधाबाईने हरिश्चंद्राकडे पाहिलं. त्याने नातवाचं मनगट सोडलं होतं, आणि चेहऱ्यावर जे आलं ते झाकायला त्याला जरा उशीर झाला. त्याला सुटल्यासारखं झालं होतं.

‘‘व्हय,’’ तो म्हणाला. ‘‘बापाची जागा झिलाची. ता बरोबर.’’

नवरा घेतलास, आता झील घेतोस? राधाबाईच्या अंगाची आग झाली. क्षणभर वाटलं, टोपलीतली सुरी काढावी आणि या म्हाताऱ्याच्या नरड्यात घालावी. पण सुरीने मंगेश थांबला नसता. तिने आवाज खाली आणला.

‘‘मंगेशा, चढतलस तर चढ. पण आदी तांडेलाक इचार, बापाचो दोर कसो तुटलो. ठाऊक नसताना त्याच वाटेन जातलस?’’

मंगेश बापाच्या गोष्टीवर वाढला होता खरा, पण समुद्रावर पोट भरणारा माणूस होता. दोराची चौकशी त्याला पटली. तो हरिश्चंद्रासमोर उकिडवा बसला.

‘‘काका, दोर कसलो होतो?’’

‘‘काथ्याचो.’’

‘‘आणि तुटलो कसो?’’

‘‘जुनो होतो रे.’’

मंगेशच्या कपाळाला आठी पडली. ‘‘जुनो दोर घेवन तुमी गेलात? तुमी?’’

हे सगळ्यांनाच खटकलं. हरिश्चंद्र म्हणजे दोराच्या बाबतीत सोवळा. एक पीळ सैल दिसला तर तो माणसाला होडीतून खाली उतरवायचा. अर्ध्या मांडवाने त्यापायी त्याच्या थपडा खाल्लेल्या होत्या.

‘‘खंय तुटलो?’’ मंगेशने विचारलं. ‘‘गाठीकडे काय मधी?’’

हरिश्चंद्राने मान खाली घातली. मंगेशला वाटलं, म्हाताऱ्याला जुन्या आठवणीने भरून आलंय. त्याने खांबाला अडकवलेला नायलॉनचा नवा दोर काढला आणि त्याच्या हातात दिला. ‘‘असू दे, काका. तुमीच बांदा माझ्या कमरेक. बाबाक बांदलात तसो.’’

हरिश्चंद्राने दोर घेतला. मंगेश वाकून उभा राहिला, हुबेहूब दत्ताराम, तेच खांदे, तीच मान. अंधारात, तुफानात, झोपेतसुद्धा जी गाठ हरिश्चंद्राची बोटं मारायची, ती आज पडेना. दोनदा घातली, दोनदा सुटली. तिसऱ्यांदा दोर खाली पडला आणि म्हातारा दोन्ही हातांनी तोंड झाकून मटकन बसला.

‘‘तुटूक नाय रे,’’ तो म्हणाला. ‘‘मी कापलंय.’’

कुणाला नीट ऐकू आलं नाही. राधाबाई म्हणाली, ‘‘मोठ्यान सांगा. देवाक आयकाक येव दे.’’

‘‘मी कापलंय! दत्ता वर होतो. दोर मी कोयत्यान कापलंय!’’

चौदा वर्षं राधाबाईने या वाक्याची वाट पाहिली होती. ते ऐकताना तिला काय वाटलं ते स्वच्छ सांगायचं तर गोड वाटलं. उपास सोडताना पहिला घास लागतो तसं. लोकांच्या नजरा बदलताना तिने पाहिल्या. दाजींनी म्हाताऱ्यापासून पाय मागे घेतले. जितेंद्रने आजोबांकडे असं पाहिलं जसं कुणी पायाखालच्या किड्याकडे पाहतं. अडतीस वर्षांचा मान एका वाक्यात धुळीला मिळाला. मंगेश दगडासारखा उभा होता. झालं, राधाबाईला वाटलं. आता कुणी जात नाही. शहाऐंशीच उरलं नाही, तर जाणार कशाच्या जोरावर?

पण माणसं अशी नसतात. चालून जायचं ठरलं की साल बदलत नाहीत, सालाचा अर्थ बदलतात.

जितेंद्रच पहिला ओरडला. शरमेने त्याचा आवाज चिरकला होता. ‘‘म्हणजे दोर कापलो म्हणान हरलंव! आमी हरूचे नव्हतंव, आमका आमच्याच माणसान हरवल्यान!’’

‘‘व्हय!’’ मागून कुणीतरी म्हणालं. ‘‘नायतर तेव्हाच ट्रॉलर बांदून हाडलो असतो!’’

‘‘मगे ह्या टायमाक कोयतो घेवचोच नाय,’’ जितेंद्र म्हणाला. ‘‘दोरय नको. स्टीलची वायर घेवया. कोणाक कापूक म्हटला तरी कापाक जमाची नाय. पयली होडी माझीच. मंगेशदादा, तू चढ. मी मेलंय तरी तुका सोडूचंय नाय.’’

मंगेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘बाबाचोय हिशोब आजच होतलो,’’ तो म्हणाला. ‘‘वायर हाडा.’’

मघाशी नुसता उत्साह होता, आता डोळ्यांत रक्त होतं. दोन पोरं वायर आणायला धावलीसुद्धा. राधाबाईने पेटवलेली काडी तिच्याच घराच्या दिशेने चालली होती.

आणि मग चौदा वर्षं कानाआड केलेलं भिकाजीचं उरलेलं बोलणं तिला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. ‘‘ट्रॉलरान एकदम जोर धरलो गो. दोर ताणलो, होडयेचा नाक पाण्यात गेला. गाठ सुटना. सा जण होतंव आत. हरिश्चंद्र दत्ताक हाका मारी, उडी टाक, उडी टाक. दत्ता खंय दिसना. पाणी माझ्या छातयेक लागला, तेव्हा त्येनी कोयतो उचलल्यान.’’ नाक पाण्यात गेलेली होडी बुडायला किती वेळ लागतो हे कोळणीला कुणी सांगावं लागत नाही. स्टीलची वायर असली तर तेवढाही वेळ लागायचा नाही, आणि मंगेश, जितेंद्र, सगळे एका गाठीने खाली जातील.

त्यांना थांबवायला एकच वाक्य होतं, आणि ते तिलाच बोलावं लागणार होतं. तिच्या जिवावर आलं. सुरी गिळणं त्यापेक्षा सोपं गेलं असतं.

‘‘थांबा,’’ ती म्हणाली. कुणी ऐकेना. मग तिने देवासमोरची घंटा धरली आणि हात दुखेपर्यंत बडवली. ‘‘थांबा रे मेल्यांनो!’’

सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली.

‘‘त्या दिसा तांडेलाच्या होडयेत सा जण होते. त्या सा जणांची झीलनातवंडां हय किती आसत? हात वर करा.’’

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. एक हात वर गेला, मग दुसरा. भिकाजीचे दोन्ही झील. दाजींचा जावई. असे करत अकरा हात झाले. बारावा हात जितेंद्रचा, तो सगळ्यात शेवटी आणि अर्धाच वर आला.

‘‘भिकाजीन मरताना माका सांगल्यान. होडयेचा नाक पाण्यात गेला होता. दोर कापलो नसतो तर सा जण थंयच मेले असते. तुमच्यातले अर्धे जल्माकच येवचे नव्हते, उरल्यांच्या घरात चूल पेटाची नव्हती.’’ तिने श्वास घेतला. ‘‘देवासमोर सांगतंय. हरिश्चंद्रान दोर कापल्यान, ता बरा केल्यान. त्याच्या जागेर मी असतंय, तर मीय कापलंय असतंय.’’

हरिश्चंद्राने तोंडावरचे हात काढले.

‘‘आणि ती बारा वर्षां,’’ ती पुढे म्हणाली, ‘‘ट्रॉलर तुमच्या सात होड्यांक भियान येवक नाय असा वाटता? तिसऱ्या दिसा आचऱ्याक माझ्या घोवाचा मढा गावला. पोलीस केस झाली, तांडेल त्यांचो आत गेलो, ट्रॉलर अडकान पडलो. तुमका जी बारा वर्षां गावली ती मढ्यान गावली. तसाच होया आज? मगे मढा होया. वायर बांदलात तर सगळ्यांची मढी. दोर बांदलात तर कोयतो होयो. जितू, तू म्हणतंस सोडूचंय नाय. पाणी छातयेक लागला, मागे पाच जण बोंबलतत, तेव्हा माझ्या झिलाच्या दोरार कोयतो तू घालशीत? नाय तर कोण घालतलो? दाजीनू, तुमचो जावई? सांगा, म्हणजे मी आताच त्येका बघून ठेवतंय. गेल्या टायमाक माका चोवीस वर्षां ठाऊक नव्हता कोणाचा थोबाड बघूचा नाय ता.’’

जितेंद्रने आपल्या खांद्यावरचा मंगेशचा हात काढला. वायर आणायला गेलेली पोरं वेटोळं घेऊन दारात आली होती, त्यांना आत या म्हणायला कुणी तयार होईना. कुणी ‘जायचं नाही’ असं म्हटलं नाही. फक्त एक जण लघवीला म्हणून उठला तो परत आला नाही, मग दुसरा उठला, मग दाजींना औषधाची वेळ आठवली. यतीनच्या पायांचं काय, हे कुणालाच सुचलं नव्हतं. त्याची आई गंगू पायऱ्यांवर रडत बसली होती आणि तिच्याशी डोळा भिडवायला कुणी धजेना. भिकाजीच्या थोरल्या झिलाने उद्या दहा जण घेऊन ओरोसला कलेक्टरकडे जाऊन बसू असं म्हटलं. चार माना हलल्या.

मंगेश आईजवळ आला. ‘‘चौदा वर्षां तुका ठाऊक होता,’’ तो म्हणाला. ‘‘आणि माका सांगूक नाय. जितूक पाठवूक निघाललंस तू.’’

‘‘व्हय,’’ राधाबाई म्हणाली.

तो पुढे काही न बोलता निघून गेला. बहुतेक महिनाभर बोलायचा नाही. रागावू दे, ती म्हणाली मनात. रागवायला जिवंत माणूस लागतो.

मांडव रिकामा झाला तशी तिने टोपली उचलली. मागे काठीचा आवाज आला. हरिश्चंद्र खांब धरधरून तिच्यापर्यंत आला होता. नातू त्याला न घेताच गेला होता. म्हाताऱ्याचे डोळे लाल झाले होते, पण चेहऱ्यावर अडतीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी उघडं पडलं होतं. त्याने हात जोडले.

‘‘राधा,’’ तो म्हणाला, ‘‘रोज रात्री माका दत्ताचो हात दिसता. मी कोणाक सांगलंय नाय, बायलेकय नाय. आज तू बोललंस, बरा केल्यान म्हणान.’’ त्याचा आवाज फुटला. ‘‘माका फक्त येकदा सांग. ता तू मनातसून बोललंस ना गो?’’

राधाबाईने त्याच्याकडे पाहिलं. मनापासून बोलली होती ती. त्याने कापला नसता तर सहा चुली विझल्या असत्या, हे तिला भिकाजीच्या खाटेशीच कळलं होतं. एक ‘व्हय’ म्हटलं असतं तर हा म्हातारा आज रात्री झोपला असता.

‘‘नाय,’’ ती म्हणाली. ‘‘झिलाक वाचवूक बोललंय. तुमी माझो घोव मारलात, भावजी. तो उडी टाकूचो होतो. आणखी जरा थांबाक होया होता तुमी.’’

त्याचे जोडलेले हात तसेच राहिले. टोपली डोक्यावर घेऊन ती देवळाच्या पायऱ्या उतरली. देवाच्या दारात खोटं बोलल्याचं तिला काडीचंही वाईट वाटलं नाही.